आधीचं घर का सोडलंत?

अक्का नवीन माणसाला नाव विचारायच्या आधी विचारायच्या, "आधीचं घर का सोडलंत?" नाव, गाव, नवरा कुठे नोकरीला, मुलं किती, हे सगळं त्यांना सावकाश कळलं तरी चालायचं. घर सोडायचं कारण मात्र लगेच हवं असायचं, आणि तेही खरं. बंगलोरला, बनशंकरीच्या आमच्या गल्लीत सामानाचा ट्रक शिरला की अक्का फाटकाशी हजर. एका हातात झाकण ठेवलेलं दुधाचं भांडं, दुसऱ्या हातात वातीचा स्टोव्ह, पदर खोचलेला. नागपूरहून आमचा ट्रक आला तेव्हा त्या अशाच उभ्या होत्या आणि मला वाटलं, घरमालकीणच आली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पीण्यातल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली होती. पीण्या शहराच्या एका टोकाला आणि बनशंकरी दुसऱ्या, हा शोध आम्हाला घर ठरवून झाल्यावर लागला. कडेवर पेंगुळलेली मनू, केसांत ट्रकची धूळ, आणि समोर ही अनोळखी बाई चक्क मराठीत विचारत होती की आधीचं घर का सोडलं. मी म्हटलं, नोकरीसाठी. त्यावर अक्का म्हणाल्या, "नोकरी त्याची. ते त्याचं कारण झालं. तुझं काय?"

मला रागच आला. ओळख ना पाळख, आणि ही कोण मला विचारणार? मी मनूला दुसऱ्या कडेवर घेतलं. अक्कांनी "सरी" म्हटलं, म्हणजे ठीक आहे, आणि त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. पुढे कितीतरी महिन्यांनी, दोघी शेंगा सोलत बसलो असताना, मी आपणहून सांगितलं की नागपूरच्या घरात आमटीत मीठ किती पडावं हेसुद्धा मला ठरवता येत नव्हतं आणि सुधीरच्या नोकरीचं ऐकून मी देवापुढे साखर ठेवली होती. अक्कांनी मान डोलवली. त्यांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे, पण माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं.

तर दुधाचं. तिकडे नव्या घरात, मग ते भाड्याचं का असेना, सामान लावण्याआधी दूध उकळायचं आणि भांड्यातून उतू जाऊ द्यायचं अशी रीत आहे. गॅसची जोडणी बदलून मिळायला महिना लागायचा, म्हणून अक्का स्टोव्हही घेऊन यायच्या. स्टोव्हचं तोंड पूर्वेला, भांड्याला हळदीकुंकू, आणि घरच्या बाईने समोर उभं राहायचं. "हालु उक्कबेकु," अक्का म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून मराठीत सांगितलं, "दूध उतू गेलं पाहिजे." मी उभी राहिले. दूध चढलं, साय फुगली, भांड्याच्या काठाला टेकली, आणि माझ्या हाताने माझ्या नकळत वाती खाली ओढल्या.

आता यात माझा काय दोष? दूध उतू जाऊ देणं म्हणजे बाईमाणसाच्या बेफिकिरीची कमाल, असं ऐकत आम्ही मोठ्या झालो. झोपेतसुद्धा दुधाचा आवाज ऐकू येतो आम्हाला. अक्का मात्र कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अय्यो, बंद केलंस?" त्यांनी वाती पुन्हा वर केल्या, पण दूध एकदा खाली बसलं की मनासारखं चढत नाही. कसंबसं एका बाजूने ओघळलं. दूध भांड्यातच राहिलं तर माणूस घरात राहत नाही, असं भविष्य सांगून त्या गेल्या. आणि खरोखरच पुढच्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईना म्हणून आम्ही शेजारच्या गल्लीत गेलो. पाण्याचं कारण अक्कांनी कधीच मानलं नाही. पुणे, मुंबई, नागपूर कुठूनही आलेली मराठी मुलगी पहिल्या खेपेला दूध बंद करतेच, असा त्यांचा अनुभव होता. "तुम्हा लोकांचा हात फार शहाणा," असं त्या म्हणायच्या.

गंमत अशी की खुद्द अक्कांच्या घरी दूध कधीच उतू गेलं नाही. त्याचं श्रेय त्यांचं नव्हे, अण्णांचं. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं, आणि घरी आल्यावर ती नजर दुधावर आली. अक्का सकाळी दूध गॅसवर ठेवायच्या आणि गल्लीत कोणाचा तरी आवाज आला की बाहेर पळायच्या. अण्णा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठायचे, नेमक्या क्षणाला गॅस बंद करायचे आणि खिडकीतून हाक मारायचे, "सरू, किती वेळा सांगितलं, दूध ठेवून गल्लीत जाऊ नकोस." हे आम्ही रोज ऐकायचो. अक्कांचं नाव सरोजा आहे हे आम्हाला त्या हाकेमुळेच माहीत होतं, बाकी सगळ्या जगाला त्या अक्काच.

दोघंही जन्मापासून बंगलोरची. अण्णांचे आजोबा कधीतरी साताऱ्याकडून आले, वडिलांचं इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारामागे शिंप्याचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. अक्का लग्न होऊन त्याच घरात आल्या. मग कारखान्याचे क्वार्टर्स मिळाले, निवृत्तीनंतर बनशंकरीचं हे तळमजल्याचं भाड्याचं घर. महाराष्ट्रात त्या फक्त लग्नकार्याला गेल्या होत्या. त्यांची मराठी ऐकून पुण्याची मंडळी गालात हसायची. अक्कांना ते कळायचं, आणि त्या मुद्दाम आणखी चार कन्नड शब्द घालायच्या.

संध्याकाळी फिरायला निघाल्या की त्यांची नजर रस्त्यावर नसे, वर असे, फाटकांवर आणि गच्च्यांवर, 'टु लेट'च्या पाट्या शोधत. कोणत्या घराला कावेरीचं पाणी, कुठे नुसतं बोअरचं, कुठली मालकीण अंड्याचं टरफल कचऱ्यात शोधते, कुठला मालक रात्री नऊला फाटकाला कुलूप लावतो, हे त्यांना तोंडपाठ. घर शोधणारा प्रत्येक मराठी माणूस शेवटी त्यांच्याकडे पोचायचा. दलाली वगैरे काही नाही, फक्त त्या प्रश्नाचं उत्तर हवं. एकदा पुण्याचे तीन कॉम्प्युटरवाले मुलगे आले. ऑफिस लांब पडतं म्हणून घर बदलायचंय, असं एकसुरात म्हणाले. अक्कांनी जवळची म्हणून जी जी घरं सुचवली ती त्यांना पसंत पडेनात. चौथ्या घराच्या गच्चीतून मुलींचं वसतिगृह दिसत होतं, तिथे मात्र एकाने खोल्या न बघताच होकार दिला. "असं सरळ सांगायचं की रे," अक्का त्याला म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी इथे आणलं असतं." पुढे त्याच मुलाच्या संसाराचं दूधही अक्कांनीच उतू घातलं.

इतकी घरं पाहून अक्कांचं एक शास्त्र तयार झालं होतं. वय सांग, मी कारण सांगते, असा त्यांचा दावा असे. विशीतला माणूस कोणापासून तरी लांब जायला घर बदलतो आणि तिशीतला शाळेजवळ जायला. चाळिशीत दारावर स्वतःच्या नावाची पाटी हवी होते, मग ते घर शहराबाहेर, रस्ता नाही, दिवे नाहीत अशा साइटवर असलं तरी त्याला पर्वा नसते. साठीत गुडघे घर बदलतात. मी एकदा विचारलं, "आणि सत्तरीत?"

"सत्तरीत तो बदलत नाही," अक्का म्हणाल्या. "त्याला बदलतात."

या शास्त्राला धक्का एकाच माणसाने दिला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मास्तर राहायचे, एकटे, सत्तरी उलटलेले. छान शांत घर, मागे पेरूचं झाड. ते सोडून ते बस थांब्यासमोरच्या पहिल्या मजल्यावर राहायला गेले. गुडघ्यांच्या विरुद्ध, मुलांच्या सांगण्याविरुद्ध, आणि तिथे दिवसभर धूर. अक्कांना चैन पडेना. त्या लोणचं घेऊन गेल्या, सणाचं गोड घेऊन गेल्या, दर वेळी विचारून आल्या. मास्तर हवा चांगली आहे म्हणायचे. शेवटी एकदा त्यांनी सांगितलं की जुन्या घरात दिवस दिवस कानावर माणसाचा आवाज पडत नसे, इथे निदान कंडक्टर सकाळपासून "बन्नी, बन्नी" करून सगळ्यांना बोलावतो. आपलं शास्त्र कच्चं आहे असं अक्का त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या.

लहान मुलांना मात्र त्या कारण विचारत नसत. मुलांना घर बदलायचं नसतंच, त्यांना उचलून नेतात, म्हणायच्या. आम्ही शेजारच्या गल्लीत गेलो तेव्हा मनू संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन रडायची, "घरी जायचं, घरी जायचं." अगं, हेच घर आहे, असं आम्ही तिला खेळणी दाखवून, गाद्या दाखवून समजावत होतो. अक्का आल्या, जुन्या घरात मनूचं लाकडी स्टूल कुठे असायचं ते विचारलं आणि ते नव्या घरातही दाराच्या उजव्या हाताला, भिंतीला टेकून ठेवलं. मनू त्यावर बसली आणि थोड्या वेळाने रडायची थांबली. "घर म्हणजे तुम्हाला चार खोल्या," अक्का मला म्हणाल्या, "हिला तेवढा एक कोपरा."

नव्वदचं दशक निम्मं उलटलं असेल. एका संध्याकाळी मी अक्कांकडे बसले होते, तर अण्णा बूट घालून, छत्री घेऊन आतून बाहेर आले आणि म्हणाले, "चला, उशीर झाला. घरी जाऊ." आम्ही दोघी हसलो. अण्णा फार क्वचित थट्टा करायचे, म्हणून आम्हाला त्याचं कौतुक वाटलं. ते मात्र हसले नाहीत. आमच्याकडे नीट पाहून ते पुन्हा आत गेले आणि बूट न काढता पलंगावर बसले.

मग ते वारंवार व्हायला लागलं. दिवसभर अण्णा बरे असत, वर्तमानपत्र वाचत, एकच पान पुन्हा पुन्हा. दूध बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलं तरी ते खुर्चीतून बघत राहायचे, दुसऱ्याच्या घरात पाहुण्याने बघावं तसे. उन्हं कलली की बूट, छत्री, आणि घरी जायचं. डॉक्टर म्हणाले, वयाचा विसर आहे, वाढत जाईल, औषध नाही. आणि एक दिवस अक्का पाणी भरत असताना अण्णा फाटक उघडून खरोखरच निघून गेले.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. सुधीर स्कूटर घेऊन देवळापर्यंत जाऊन आला, कॉम्प्युटरवाले मुलगे बस थांब्यांवर पसरले. अक्का फाटकाशी उभ्या होत्या, हातात काहीच नव्हतं. त्यांना तसं मोकळ्या हातांनी उभं असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अंधार पडता पडता आमच्या घरमालकांकडे फोन आला, अक्कांनी ओळखीच्यांना तोच नंबर दिलेला असे. शिवाजीनगरहून रहीमभाई बोलत होते. त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, अण्णांच्या वडिलांच्या दुकानासमोरचं, आणि अण्णा नि ते एकत्र गोट्या खेळलेले. अक्कांनी फोन घेतला तेव्हा रहीमभाईंचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "अक्का, फिकर नक्को करो. इधरीच बैठे हैं, चाय पी रहे."

अण्णा दोन बस बदलून, बाजाराच्या गर्दीतून, बरोब्बर त्या गल्लीत पोचले होते. वडिलांच्या दुकानाच्या जागी आता प्लॅस्टिकच्या बादल्या विकणारा बसला होता. अण्णा त्याच्यासमोर उभे राहून विचारत होते की माझ्या घरात तुम्ही कोण. आम्ही रिक्षाने गेलो तेव्हा ते रहीमभाईंच्या बाकावर निवांत चहा पीत होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण गल्लीतून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला नावाने हाक मारली. परत येताना रिक्षात ते सारखे मागे वळून बघत होते.

त्यानंतर अण्णा कितीदा गेले आणि कितीदा आणले, त्याची गणती नाही. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. फाटकाला कुलूप लावा. खिशात पत्ता ठेवा. पुण्याहून मुलगा, रवी, आला आणि म्हणाला की आता दोघांनी पुण्याला चला, खोली तयार आहे. मुलगा चांगला, सून चांगली, नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाची जागा बदलू नका, उरलंसुरलंही जाईल. मीही डॉक्टरांच्याच बाजूची. अक्कांनी कुलूप आणलं, दोन दिवस लावलं, आणि अण्णा आतून फाटक हलवत उभे राहिलेले बघून तिसऱ्या दिवशी काढून टाकलं.

मग माझ्या लक्षात आलं की अक्का आमच्या भागातल्या पाट्या बघेनाशा झाल्या आहेत. नवीन लागलेल्या पाटीबद्दल मी सांगितलं, तर हो का, एवढंच म्हणाल्या. दुपारी अण्णांना आमच्याकडे बसवून त्या कुठेतरी जायच्या, संध्याकाळच्या आत परतायच्या. चपलांना बाजारातला चिखल. चार-सहा दिवसांनी मी विचारलं, "अक्का, घर कोणासाठी बघताय?"

"आमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "रहीमभाईंच्या दुकानापलीकडे. दीड खोली आहे. तळमजला."

मी किती बोलले त्यांना. दिवसा दिवा लावावा लागेल असं घर, पहाटेपासून हातगाड्यांचा गोंगाट, आजूबाजूला आता रहीमभाई सोडले तर ओळखीचं कोणी नाही, डॉक्टर नको म्हणतात, आणि तुम्ही स्वतःच म्हणता की सत्तरीत माणसाला बदलतात, मग बदलायचंच तर पुण्याला रवीकडे काय वाईट? अक्का शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात जागा बदलू नका. पण यांनी हे घर केव्हाच सोडलंय. माणूस पुढे गेला की मागून सामान न्यायचं असतं. इतक्या लोकांचं मी नेलं, आता माझं."

त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं होतं ते मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं, "हे अण्णांचं कारण झालं. तुमचं काय?"

अक्कांनी चपलेचा चिखल पायरीवर खरडला. मी, त्यांच्याकडूनच शिकले होते, पुन्हा विचारलं नाही. दुसरी चप्पलही खरडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "रोज संध्याकाळी बूट घालतात आणि मला म्हणतात, बाई, तुम्हीही निघा आता, तुमच्या घरचे वाट बघत असतील. मला सरू म्हटल्याला किती दिवस झाले." मग डोळे न पुसता त्यांनी सांगितलं, "मला त्यांच्या घरात राहायचंय ग. स्वल्प दिवस का असेना."

अक्कांचं सगळं शास्त्र मला पाठ होतं, पण त्यात हे कारण कुठे बसत नव्हतं.

ट्रक निघाला तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली होती. मास्तर काठी टेकत आले. मी आणि सुधीर बरोबर गेलो, मनूला शेजारी ठेवलं. शिवाजीनगरच्या त्या गल्लीत ट्रक शिरेना, म्हणून सामान हातगाडीवरून नेलं. रहीमभाईंनी दुकान अर्धं बंद करून स्वतः पलंग धरला. घर मी समजले होते त्याहूनही अंधारं होतं. अक्कांनी आत आल्याबरोबर अण्णांची खुर्ची दाराच्या डाव्या हाताला ठेवली. शिंप्याच्या दुकानात सासऱ्यांची मशीन होती आणि तिच्या डाव्या हाताला बसून अण्णा अभ्यास करायचे, असं त्या म्हणाल्या. अण्णा बसले आणि गल्ली बघू लागले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"दूध तू ठेव," अक्कांनी मला सांगितलं. तोच वातीचा स्टोव्ह, तेच भांडं. मी तोंड पूर्वेला केलं, हळदीकुंकू लावलं आणि उभी राहिले. अक्का खरं तर शेजारी उभ्या राहणार होत्या, पण समोरच्या घरातली एक म्हातारी बाई "सरोजक्का?" म्हणत दाराशी आली, सासऱ्यांच्या वेळची कोणीतरी, आणि अक्का होत्या तशा गल्लीत पळाल्या. बाहेर दोघींचं कन्नडमध्ये बोलणं सुरू झालं. इकडे दूध चढायला लागलं. एव्हाना मी चांगली तयार झाले होते. हात मागे बांधून घेतले आणि मनात म्हटलं, जाऊ दे उतू, या घरात तरी नीट जाऊ दे, हे घर तरी यांना टिकू दे.

साय काठाला टेकली आणि माझ्या खांद्यावरून एक लांब हात पुढे आला. त्या हाताने वाती नेमक्या खाली ओढल्या. दूध बसलं. एक थेंब बाहेर गेला नाही. अण्णा माझ्या मागे उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दाराकडे तोंड करून, थोडं वैतागून, रोजच्यासारखी हाक मारली, "सरू, किती वेळा सांगितलं, दूध ठेवून गल्लीत जाऊ नकोस."

बाहेरचं बोलणं थांबलं. अक्का उंबऱ्यावर आल्या. एक हात चौकटीवर होता. मी गडबडून पुन्हा वाती वर करायला गेले, कारण दूध भांड्यातच राहिलं होतं आणि त्याचा अर्थ त्यांनीच मला शिकवला होता.

"राहू दे," अक्का म्हणाल्या. "आता नको पेटवूस." मग अण्णांकडे बघून, लग्नाला चार दिवस झालेल्या सुनेसारख्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "चुकलं. पुन्हा नाही जाणार."

अण्णा बरे झाले असं मी म्हणणार नाही. विसर वाढतच गेला, डॉक्टर खोटं बोलले नव्हते. पुढे कित्येक दिवस सरू हे नावही येत नसे, मग मध्येच एखाद्या सकाळी दुधाच्या वेळी यायचं. संध्याकाळी ते छत्री घेऊन निघायचेच. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे, रहीमभाई सलाम करायचे, आणि मग अण्णा वळून घरी यायचे. अक्का दार उघडायच्या. "आलात?" असं त्या विचारायच्या आणि ते हो म्हणायचे. दूध उतू न जाताही ते घर अण्णांच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकलं, त्यामुळे अक्कांच्या दुसऱ्या शास्त्रातही तथ्य नव्हतं म्हणायचं.

अण्णा गेल्यावर वर्षभरात रवीने पुण्यात नवीन फ्लॅट घेतला आणि अक्कांना घेऊन गेला. जाताना त्यांनी स्टोव्ह आणि भांडं माझ्याकडे दिलं. त्यानंतर बनशंकरीतल्या बऱ्याच मराठी घरांचं दूध मी उतू घातलं, आणि आधीचं घर का सोडलंत हेही विचारलं. मुली अजूनही पहिल्या खेपेला वाती खाली ओढतातच. त्यांना रागवायचं मात्र मला कधी जमलं नाही.

पुण्याला पोचल्यावर आठवड्याने अक्कांचा फोन आला. घर मोठं आहे, सून प्रेमाने करते, गॅलरीतून टेकडी दिसते, असं सगळं सांगून झालं. मी विचारलं, "दूध ठेवलंत का?"

"ठेवलं की. मीच ठेवलं," अक्का म्हणाल्या. "छान उतू गेलं, पूर्वेकडेच गेलं. सगळे खूश." मग सुनेला ऐकू जाऊ नये असा त्यांनी आवाज खाली आणला. "मी मुद्दाम गॅलरीत जाऊन उभी राहिले होते ग," त्या म्हणाल्या. "कोणी हाक नाही मारली."